क्लोजअप बाकी आहे

लखनौच्या जानकीपुरमात मी वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली तेव्हा खाली दोन भाऊ राहतात, अशी माझी पहिले आठ-नऊ दिवस पक्की समजूत होती. एक मिशीवाला आणि एक बिनमिशीचा. सकाळी मी गॅलरीत चहा पीत उभी असले की मिशीवाला पिवळट कुडता घालून गल्लीतून डावीकडे जायचा. तासाभराने तिकडूनच बिनमिशीचा परत यायचा, अंगात तोच कुडता आणि हातात सब्जीची पिशवी. दोन भावांत एकच कुडता आहे, एवढं मला खटकलं होतं, पण नव्या गावात लगेच चौकशा करू नयेत असं आईने बजावलं होतं. मी इथल्या एका सरकारी औषध संशोधन संस्थेत उंदरांवर प्रयोग करते. बारीक निरीक्षण करण्याचाच मला पगार मिळतो, हे इथे जरा लाजतच लिहिते.

नवव्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली म्हणून मी खाली गेले. दार उघडलं आणि घरमालकांचा चेहरा पहिल्यांदाच समोरून दिसला. डाव्या बाजूला जाड, टोकाशी किंचित वळलेली मिशी. ती नाकाखाली बरोबर मधोमध थांबलेली. उजवी बाजू गुळगुळीत. मी "टाकी..." एवढंच म्हणू शकले.

"हाँ हाँ, घाबरू नका मॅडमजी, कंटिन्युटी आहे," असं म्हणून ते मोटर बंद करायला गेले.

आतून एक म्हातारा आवाज आला, "कोण आहे रे? सिनेमावाले का?"

"नहीं आई, टाकी है."

"मग दार लाव. वारा येतो."

या काकांचं खानदान मूळ मिरजेचं. वडील रेल्वेत इंजिनीयर म्हणून लखनौला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या आई, म्हणजे आजी, लग्न होऊन आल्या त्याला साठ वर्षं होऊन गेली होती, पण त्यांचं मराठी मिरजेहून कालच निघाल्यासारखं होतं. आजी मराठीत बोलायच्या, काका हिंदीत उत्तर द्यायचे, आणि भांडण जोरात असलं की दोघंही आपापली भाषा सोडायची नाहीत. काका एकसष्ट वर्षांचे, अविवाहित. चाळीस वर्षं त्यांनी नाटकात कामं केली, गाण्याच्या कार्यक्रमांत पेटी वाजवली, शाळांच्या स्नेहसंमेलनांना चाली लावल्या. अलीकडे लखनौत सिनेमावाल्यांची वर्दळ वाढली, तसे ते पडद्यावरही दिसायला लागले. दिसायला लागले म्हणजे, नीट पाहिलं तर दिसायचे. हीरो ज्याला पत्ता विचारतो त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस काका असायचे. कोर्टात वकिलाच्या मागे बसलेला दुसरा वकील काका असायचे. तीन सिनेमांत तर ते नुसतेच भिंतीवरचा हार घातलेला फोटो होते. पहिल्यांदा जिवंत मुलाच्या फोटोला हार पाहिला तेव्हा आजींनी मीठ-मोहऱ्यांनी त्यांची दृष्ट काढली. तिसऱ्यांदा मात्र त्या म्हणाल्या, "हार तरी ताज्या फुलांचा घालायचा."

काका स्वतःला लहान नट मानत नसत. "आमची फ्रेम लहान असते, मॅडमजी. काम नाही." असं ते पेटीवर सा धरून म्हणायचे, त्यामुळे ते खरं वाटायचं.

आता मिशीचं सांगते. बख्शी का तालाबच्या रस्त्यावर एका वेब सीरिजचं शूटिंग होतं, आणि काकांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण प्रसंग मिळाला होता. भूमिका पेटी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरची. मास्तर न्हाव्याकडे बसलाय, दाढी झालीय, आता मिशी उतरवायला घेतलीय. अर्धी उतरते तोच पोलिस अधिकारी झालेला हीरो दुकानात शिरतो आणि विचारतो, "मास्टरजी, उस दिन छत पर किसको देखा था?" मग मास्तरने मान वर करायची, थेट कॅमेऱ्यात पाहायचं आणि म्हणायचं, "साहब, मैंने सूरत नहीं देखी। सीटी सुनी थी। उसका निषाद ज़रा उतरा हुआ था। इतना उतरा हुआ निषाद पूरे लखनऊ में एक ही आदमी लगाता है।" आणि ती शीळ वाजवून दाखवायची. खून कोणी केला हे त्या उतरत्या 'नि'वरून उघडकीला येणार, असा एकंदर मामला. तो एक माणूस कोण, हे काकांनाही ठाऊक नव्हतं, कारण त्यांना त्यांचं एकच पान दिलं होतं.

दिग्दर्शकाला सगळं अस्सल हवं होतं, म्हणून काकांची खरीखुरी मिशी अर्धी उतरवली. लांबून सगळा प्रसंग घेतला. हीरोचा क्लोजअप घेतला. पण तिथे हवाई दलाचा तळ जवळ आहे, आणि त्या दिवशी विमानं काही केल्या थांबेनात. हीरोने "मास्टरजी" म्हटलं की डोक्यावरून एक गेलंच. असे सोळा टेक झाले. काकांचा क्लोजअप घ्यायची वेळ आली तोवर ऊन उतरलं होतं आणि हीरोला मुंबईचं विमान गाठायचं होतं. एक असिस्टंट मुलगी धावत आली, काकांचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढला आणि म्हणाली, "सर, दो-तीन दिन में बुला लेंगे। कंटिन्युटी रखिएगा।" कंटिन्युटी म्हणजे प्रसंगाचा उरलेला भाग ज्या दिवशी घेतील त्या दिवशी माणूस हुबेहूब आज होता तसा दिसला पाहिजे. एरवी मागचा पंखा इकडेतिकडे झाला तरी चालतो, पण क्लोजअपमधली मिशी कोट्यवधी लोक पाहतात, असं काकांचं म्हणणं.

मी राहायला गेले तेव्हा त्या दोन-तीन दिवसांना सव्वा वर्ष झालं होतं.

"नकली मिशी लावता येते ना हो काका?" मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या पेटीत झुरळ सोडलंय.

"क्लोजअपमध्ये गोंद दिसतो, मॅडमजी," ते शेवटी म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी फक्त उजव्या बाजूने बोलले.

मिशी राखणं हे सोपं काम नव्हतं. उजवी बाजू रोज साफ, डावी बाजू त्या दिवसाइतकीच. त्यासाठी ते दर शनिवारी टेम्पोने, म्हणजे इथल्या शेअर रिक्षाने, निशातगंजला जायचे. तिथल्या एका न्हाव्याने त्या असिस्टंट मुलीकडून मागून घेतलेले काकांचे तिन्ही फोटो आरशाला चिकटवले होते, आणि तो दुसऱ्या कुणाला काकांच्या मिशीला हात लावू द्यायचा नाही. लांबी मोजायला ते काड्यापेटीतली काडी वापरत. मला हे पाहवेना. मी प्रयोगशाळेत वापरतात तसं व्हर्नियर कॅलिपर आणलं आणि दर रविवारी सकाळी मिशीचं माप घ्यायला लागले. काका खुर्चीत श्वास रोखून बसायचे, आजी पलंगावरून पाहायच्या.

"किती भरली गं पोरी?"

"एकतीस मिलिमीटर, आजी."

"गेल्या रविवारी?"

"एकतीसच."

"हं," म्हणून आजी जप पुढे चालू करायच्या. मी विज्ञानात पीएचडी आहे. माझ्या वहीत उंदरांच्या वजनांनंतर शंभराहून जास्त रविवारांची एका मिशीची मापं आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांतली सुसंगती उंदरांत कधी आली नाही.

बाकीची नटगिरी त्या मिशीभोवती वळवून घ्यावी लागली. गणपतीत इथलं मराठी मंडळ नाटक करतं. वडिलांचं काम काकांशिवाय दुसऱ्या कुणाला जमणार नाही, असं ठरलं. नाटक बसवणारे रेल्वेतले एक मोठे अधिकारी होते, त्यांनी डोक्याला हात लावला. शेवटी वडील संपूर्ण दोन अंक प्रेक्षकांना डावी बाजू दाखवतील, असं बसवलं. मुलीने मिठी मारायची तीही डावीकडून, बातमी ऐकून कोसळायचं तेही डावीकडे. एका बाजूच्या विंगेत जायचं असेल तर काका उलटे चालत जायचे. रागावलेला बाप एक एक पाऊल मागे टाकत, आपल्या घराकडे बघत निघून जातो, ते पाहून बायकांनी डोळे पुसले. पण अगदी कडेच्या खुर्चीवर बसलेले एक निवृत्त इंजिनीयर होते, त्यांना उजवी बाजू दिसत होती. मध्यंतरात ते सगळ्यांना विचारत हिंडले, "वडिलांचं काम दोघांत का वाटून दिलंय?" मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. त्या काळात काकांकडे एका सिनेमातल्या न्यायाधीशाचं काम चालून आलं. सहा प्रसंग, सगळे संवादांचे. सिनेमावाल्यांची अट साधी होती, मिशी ठेवा नाहीतर काढा. काकांनी दोन्हीला नकार दिला. एका मालिकेचं कामही असंच गेलं. मी चिडून म्हटलं, "अहो, ते लोक विसरले असतील तुम्हाला." ते पेटीचा भाता उघडबंद करत राहिले. मग म्हणाले, "मॅडमजी, चाळीस साल में पहली बार किसी ने हमसे कुछ पूछा है. जवाब तो देना पड़ेगा ना."

आणि आजी. आजींनी मृत्यूशीच करार केला होता. आई गेली की मुलाला क्षौर करावं लागतं, डोकं आणि मिशी दोन्ही उतरवावी लागतात. आजींना याची पूर्ण कल्पना होती. "डोक्याचं काही नाही, तिथे तसंही काही नाही," त्या म्हणायच्या, "पण मी गेले की न्हावी याच्या मिशीवर बसणार, आणि याचा क्लोजअप जाणार. तेव्हा तो होईपर्यंत मी काही हलत नाही." दर वर्षी पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून द्यावा लागतो. फोन म्हणायचा, डोळे मिटा, उघडा. आजी डोळे मिटायच्या, उघडायच्या आणि फोनलाच ठणकावून सांगायच्या, "आहे मी. क्लोजअप बाकी आहे." गल्लीतले लोक काकांना भेटले की आधी आईची तब्येत विचारायचे आणि मग मिशीची. दोन्ही ठीक असलं की पुढे जायचे.

मी राहायला गेल्यानंतरच्या तिसऱ्या थंडीत आजी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईचं ऑपरेशन करायला डॉक्टर तयार नव्हते. पलंगावर पडून पाठीला जखमा झाल्या. कूस बदलताना त्यांचा आवाज वरपर्यंत यायचा आणि मी कानांत बोळे घालून बसायची, तेवढंच माझं धैर्य. वेदना कमी करणारं औषध दिलं होतं, पण त्या घ्यायच्या नाहीत. "त्याने गुंगी येते. गुंगीत चुकून गेले तर?" त्या दात आवळून पडायच्या आणि दर तासाला विचारायच्या, "फोन आला का रे?"

डॉक्टर बाहेर येऊन काकांना म्हणाले, "पता नहीं किस चीज़ पर टिकी हैं।" काकांना पता होता. ते अर्ध्या मिशीवर हात ठेवून उभे राहिले.

त्या संध्याकाळी ते वर आले. पहिल्यांदाच. "आईला सांगू का, झाला म्हणून?"

"मिशी असताना कसं पटेल, काका?"

"वही तो," ते म्हणाले, आणि गॅलरीच्या कठड्यावरून वाकून खालचा कानोसा घेतला. मग म्हणाले, "सकाळी चलेंगी आप? एकट्याने जमणार नाही."

सकाळी आम्ही टेम्पोने निशातगंजला गेलो. न्हाव्याने काकांना शनिवार नसताना पाहिलं आणि त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"हुज़ूर, फ़ोन आ गया?"

"आ गया," काका म्हणाले. "हो भी गया. कल हुआ."

"क्लोज़अप?"

"क्लोज़अप."

न्हाव्याने अर्धवट दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला सोडून काकांना मिठी मारली. "मुबारक हो! या मेरे मालिक, चार साल!" त्याने आरशावरचे तिन्ही फोटो अलगद काढून कपाळाला लावले आणि खणात ठेवले. चहा मागवला. मग वस्तरा हातात घेतला, पण तो मिशीला टेकवायच्या आधी दोनदा बाजूला ठेवला. "हुज़ूर, यक़ीन मानिए, हाथ नहीं उठ रहा." काका डोळे मिटून बसले होते. मिशी टॉवेलवर पडली, फार थोडी होती. एकतीस मिलिमीटर.

परतताना टेम्पोत ते भाड्याची नाणी मोजत बसले. मग वरच्या ओठावरून बोट फिरवत म्हणाले, "पहला शो ठीक गया."

घरी आजींनी डोळे किलकिले केले. हात वर करून काकांच्या ओठावर बोटं फिरवली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग परत डावीकडे.

"झाला?"

"हो गया, आई."

"किती टेक?"

"एक ही टेक में."

"खोटं. तुझं एका टेकमध्ये कधी काही झालं नाही."

"सत्रह. जहाज़ उड़ रहे थे."

"हां. मग ठीक." आजींचा चेहरा सैल झाला. मी सुटकेचा श्वास टाकणार तोच त्या म्हणाल्या, "मला करून दाखव. उशी वर कर गं पोरी."

काका उठले आणि खिडकीच्या उजेडात स्टुलावर बसले. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. हीरो मला व्हावं लागलं. मी विचारलं, "मास्टरजी, उस दिन छत पर किसको देखा था?" माझा आवाज इतका कापत होता, की असल्या पोलिसाला कुणी काही सांगितलं नसतं.

काकांनी मान वर केली. तीन वर्षांत मी त्यांचा असा सरळ, पूर्ण चेहरा पाहिलाच नव्हता. ते आईकडे बघत म्हणाले, "साहब, मैंने सूरत नहीं देखी। सीटी सुनी थी।" सावकाश, एकही शब्द न ढकलता ते पूर्ण बोलले. आणि मग शीळ वाजवली. साधी चाल होती, वर चढत गेली आणि निषादावर येऊन जरा खाली घसरली. माझ्यासारख्या बेसूर बाईलाही ती घसरण कळली.

आजींनी डोळे मोठे केले.

"अरे, हे तर यांचं! दाढी करताना हे अस्संच वाजवायचे. तू कानांवर हात ठेवून बाहेर पळायचास."

"हाँ."

"अरे मेल्या," आजी म्हणाल्या, "म्हणजे खून तुझ्या बाबांनी केला?"

आणि त्या हसायला लागल्या. हसताना कंबर दुखत होती, त्या "आई गं" म्हणायच्या आणि परत हसायच्या. काकाही हसत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी बाहेर जाऊन रडले. सरळ सांगते, मला एवढं रडू माझ्या स्वतःच्या आजीसाठीही आलं नव्हतं.

आत आजी म्हणाल्या, "वन मोअर."

त्या दुपारी काकांनी तो क्लोजअप कितीदा दिला, मी मोजलं नाही. संध्याकाळी आजींनी स्वतःहून औषध मागितलं. दोन दिवसांनी, सकाळी, काका पेटीवर त्यांचं आवडतं भजन वाजवत असताना त्या गेल्या. क्षौराला निशातगंजचाच न्हावी आला. काकांच्या मोकळ्या ओठावरून त्याने विधीपुरता वस्तरा फिरवला, आणि त्याला काय कळायचं ते कळलं असावं, कारण तो काकांच्या पाया पडला.

फोन आला तो आजी गेल्यावर सतराव्या दिवशी, त्याच असिस्टंट मुलीचा. मी खालीच होते. काकांनी स्पीकर लावला.

"सर, गुड न्यूज़! शूट फिर से शुरू है. आपका क्लोज़अप बाकी है ना? कंटिन्युटी है?"

काकांनी गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता ते गोंद लावायला तयार होणार. मी मनात म्हणतही होते, लावा हो, लावा.

"नहीं बेटा," ते म्हणाले. "वो तो हो गया."

"हो गया? कब, सर?"

काकांनी तारीख सांगितली, वेळही सांगितली.

"सर, हमारे फुटेज में तो नहीं दिख रहा."

"ठीक से देखिए. बहुत अच्छा हुआ है. दोबारा वैसा नहीं होगा." यात शोक कमी आणि नटाचा रुबाब जास्त होता, आणि तेच मला आवडलं. त्या बिचाऱ्या मुलीने पुढचे चार दिवस रोज फोन करून कुठल्या कॅमेऱ्यावर घेतला होता ते विचारलं. काका रोज तितक्याच आदबीने सांगायचे, खिडकीकडून उजेड होता.

पुढे मला संस्थेचं क्वार्टर मिळालं आणि मी ती खोली सोडली. सामान टेम्पोत चढवायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला खाली गेले. काका न्हाणीघरात दाढी करत होते. ओठावर दोन्हीकडे नवी मिशी उगवायला लागली होती. ते शीळ घालत होते, तीच चाल, आणि निषाद प्रत्येक वेळी जरासा खाली घसरत होता. चाळीस वर्षं पेटी वाजवणारा माणूस. मला राहवलं नाही.

"काका, निषाद उतरतोय तुमचा."

त्यांनी फेसाळलेला चेहरा आरशातून माझ्याकडे वळवला.

"कंटिन्युटी है, मॅडमजी," ते म्हणाले.